अमेरिकन सिटिझनशिपची ओथ सेरेमनी: नोटीस आल्यापासून ओसीआयपर्यंत काय काय करायचं

इंटरव्ह्यू झाला, सिव्हिक्सची (अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यावरच्या प्रश्नांची) उत्तरं बरोबर आली, ऑफिसरने रिझल्टचा कागद हातात दिला की लगेच फॅमिली ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस सुरू होतो, झालास बाबा अमेरिकन एकदाचा. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तुम्ही अमेरिकन झालेले नसताच. एन-४०० म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज अप्रूव्ह होणं वेगळं आणि सिटिझन होणं वेगळं. हात वर करून शपथ घेतली की त्या क्षणाला कायद्याने तुम्ही सिटिझन होता, त्याच्या आदल्या मिनिटापर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच आणि भारताचे नागरिकच. त्यामुळे मधल्या काळात अमेरिकन पासपोर्टचा अर्ज करायचा नाही, व्होटर रजिस्ट्रेशनच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, डीएमव्हीला लायसन्सचं काम करताना "मतदार म्हणून नोंदवू का" विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. सिटिझन नसताना सिटिझन आहे असं लिहून देणं ही इथे फार महागात पडणारी गोष्ट आहे, हातातोंडाशी आलेलं सगळं जाऊ शकतं.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडची बरीच मंडळी इंटरव्ह्यूची तयारी जीव तोडून करतात, प्रश्न पाठ करतात, आणि ओथ सेरेमनीला मात्र एखाद्या ऑफिसात कागद आणायला जावं तसं जातात. हाफ डे टाकून एकटेच जातात, मुलांची शाळा बुडवत नाहीत, शपथेत काय आहे ते आधी वाचलेलं नसतं. आणि मग पुढे पासपोर्ट, भारताचा व्हिसा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात जायला-राहायला मिळणारं कार्ड) यात अडकतात. दोन्ही टाळता येतं, फक्त थोडं आधी बसून ठरवायला लागतं.

तर पहिली गोष्ट नोटीस. तिचा नंबर एन-४४५. पोस्टाने येते आणि ऑनलाइन अकाउंट असेल तर तिथेही दिसते, म्हणून अकाउंट अधूनमधून बघत राहा, पोस्टाच्या भरवशावर राहू नका. मधल्या काळात घर बदललं असेल तर एआर-११ या फॉर्मने दहा दिवसांच्या आत पत्ता कळवायचा असतो, तो कळवला नाही तर नोटीस जुन्या घरी जाते आणि तुम्ही गैरहजर म्हणून लागता. काही ऑफिसात इंटरव्ह्यूच्याच दिवशी संध्याकाळपर्यंत शपथ देऊन मोकळं करतात, त्यामुळे इंटरव्ह्यूला जातानाच जरा बरे कपडे घालून जा आणि घरच्यांना सांगून ठेवा की फोन आला तर निघा.

सेरेमनी दोन प्रकारची असते. एक यूएससीआयएस, म्हणजे सिटिझनशिपचे अर्ज बघणारं सरकारी खातं, स्वतः घेतं ती, आणि दुसरी कोर्टाची, जिथे फेडरल जज शपथ देतात. कुठली मिळणार हे बहुतेक वेळा तुमच्या हातात नसतं, तुमच्या भागात कशी पद्धत आहे त्यावर ठरतं. जागाही काहीही असू शकते, ऑफिसातला एक हॉल आणि वीस-पंचवीस माणसं इथपासून ते कन्व्हेन्शन सेंटर आणि हजारो माणसं इथपर्यंत. काही सेरेमनी तर खरोखर सार्वजनिक सोहळेच असतात. व्हर्जिनियात जेफरसनच्या माँटिसेलोच्या घरासमोर १९६३ पासून ४ जुलैला शपथविधी होतो, बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलमध्ये होतात, एलिस आयलंडवर झालेत, नॅशनल पार्कांत होतात, बेसबॉलच्या मैदानात होतात. १७ सप्टेंबर हा कॉन्स्टिट्यूशन डे आणि सिटिझनशिप डे, त्या आठवड्यातही देशभर बरेच असतात. तुमचा नंबर लागायला वेळ असेल आणि जवळपास असा खुला कार्यक्रम असेल तर एकदा नुसते प्रेक्षक म्हणून जाऊन या, खूप फरक पडतो. कुठल्या कुठल्या देशातून आलेली माणसं, कुणाची आजी व्हीलचेअरवर, कुणी मिलिटरीच्या युनिफॉर्ममध्ये, आणि सगळ्यांचे हात एकदम वर जातात, हे एकदा पाहिलं की आपल्या वेळी कुणी एकटं जात नाही.

नावाचं प्रकरण आपल्या लोकांसाठी मोठं आहे म्हणून त्यावर जरा थांबतो. आपली पद्धत म्हणजे नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. भारतीय पासपोर्टवर कुणाचं गिव्हन नेममध्येच दोन्ही नावं एकत्र, कुणाचं लग्नानंतर पहिलं नावसुद्धा बदललेलं, ग्रीन कार्डावर एक, लायसन्सवर दुसरं, डिग्रीवर माहेरचं. शपथेनंतर मिळणाऱ्या नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर जे नाव छापलं जाईल तेच पुढे अमेरिकन पासपोर्टवर, ओसीआयवर, सगळीकडे जाणार, त्यामुळे नाव सरळ करायची ही अगदी योग्य वेळ. एन-४०० मध्येच नाव बदलायचा पर्याय असतो, वेगळी फी नाही. पण यूएससीआयएसला स्वतःला नाव बदलून देता येत नाही, ते कोर्टाचं काम, म्हणून नाव बदलायचं असेल तर शपथ कोर्टाच्याच सेरेमनीत घ्यावी लागते आणि त्याची तारीख कधी कधी उशिरा मिळते. लग्नामुळे आडनाव बदललेलं असेल आणि त्याचा कागद असेल तर बहुधा कोर्टाची गरज पडत नाही. माझं मत असं की नुसतं छान वाटतं म्हणून नाव बदलू नका, कारण भारतातली बँक, घराचे कागद, एलआयसी हे सगळं जुन्या नावावर असतं आणि ओसीआयला दोन नावं एकाच माणसाची आहेत हे कागदांनी दाखवत बसावं लागतं. पण वडिलांचं नाव चुकून आडनावाच्या जागी गेलंय किंवा स्पेलिंग तीन ठिकाणी तीन आहे असं असेल तर मात्र आत्ताच निस्तरून टाका. नाव बदललं तर कोर्टाचा नाव बदलाचा कागद मिळतो तो सर्टिफिकेटइतकाच जपून ठेवा.

तारीख जमत नसेल तर? नोटीस आणि का जमत नाही याचं पत्र तुमच्या ऑफिसला पाठवून नवी तारीख मागता येते. पण कारण न कळवता गैरहजर राहू नका, एकापेक्षा जास्त वेळा असं झालं तर अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, घरात १७ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर तारीख पुढे ढकलण्याआधी त्यांचा वाढदिवस बघा. आईवडिलांपैकी एक जण सिटिझन झाला की ग्रीन कार्डवर इथे त्यांच्याजवळ राहणारी १८ च्या आतली मुलं आपोआप सिटिझन होतात, पण ते १८ पूर्ण व्हायच्या आत व्हायला हवं. तुमची शपथ वाढदिवसानंतर गेली तर त्या मुलाला स्वतःचा एन-४०० भरून सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भारताचं तिकीट काढलंय म्हणून तारीख बदलताना हे विसरलं गेलं तर आपोआप सिटिझन व्हायची ती संधी परत मिळत नाही. उलट घरात गंभीर आजारपण किंवा तसंच तातडीचं कारण असेल तर शपथ लवकर द्या अशी विनंतीही करता येते, मागायला संकोच करू नका.

आता त्या एन-४४५ नोटिशीच्या मागच्या बाजूचे प्रश्न. इंटरव्ह्यू झाल्यापासून आजपर्यंत काय काय घडलं तेवढंच त्यात विचारतात. लग्न किंवा घटस्फोट झाला का, देशाबाहेर गेला होतात का, कुठल्या गुन्ह्यात अटक, दंड, सायटेशन वगैरे झालं का, कुठल्या संघटनेत गेलात का, शपथेतल्या गोष्टी करायची तयारी बदलली का, असे. हे त्या दिवशी भरायचे असतात, घरी आठवडाभर आधी भरून ठेवायचे नाहीत, कारण उत्तर त्या दिवसापर्यंतचं हवं असतं. ट्रॅफिकचं तिकीटही यात येतं. स्पीडिंगचं तिकीट लागलं असेल तर सरळ हो लिहा आणि दंड भरल्याची पावती बरोबर न्या, साध्या तिकिटाने काही अडत नाही, लपवलं तर मात्र अडू शकतं. प्रवासाचंही तसंच, मध्ये कॅनडाला जाऊन आलात किंवा आईला बघायला पुण्याला जाऊन आलात तर तारखा लिहून न्या. जायला बंदी नाही, फक्त सांगायचं.

बरोबर काय न्यायचं ते एकदा आदल्या रात्री टेबलावर काढून ठेवा म्हणजे सकाळी धावपळ नको. नोटीस, ग्रीन कार्ड, लायसन्स किंवा फोटो असलेलं आयडी, रीएंट्री परमिट किंवा असा यूएससीआयएसने दिलेला दुसरा कुठला प्रवासाचा कागद असेल तर तो, आणि मागच्या प्रश्नांपैकी कशाला हो असेल तर त्याचे कागद. काळ्या शाईचं पेनही. ग्रीन कार्ड तिथे परत घेतात, कायमचं, त्यामुळे पुढेमागे लागलं तर म्हणून त्याची दोन्ही बाजूंची कॉपी आधीच करून ठेवा. कार्ड हरवलंय आणि इंटरव्ह्यूला सांगितलं नसेल तर त्या दिवशी दारात सांगायची वेळ आणू नका, आधी कळवा. आईबाबा स्वतः शपथ घेणार असतील आणि चालायचा, ऐकू यायचा त्रास असेल तर व्हीलचेअर, इंटरप्रिटर, पुढची जागा अशी सोय आधी मागता येते, अगदी घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना घरी येऊनही शपथ देतात.

कपडे. नोटिशीतच लिहिलेलं असतं की प्रसंगाला शोभतील असे घाला, जीन्स, शॉर्ट्स, फ्लिप फ्लॉप नकोत. साडी, कुर्ता, सूट काहीही चालतं. पैठणी नेसून जायची इच्छा असेल तर बिनधास्त नेसा, तिथे प्रत्येक देशाचे लोक आपापला पोशाख घालून येतात आणि ते बघायला फार सुंदर दिसतं, आपण काही वेगळंच करतोय असं अजिबात वाटत नाही. पाहुणे किती आणायचे ते जागेवर अवलंबून, नोटीस नीट वाचा. व्हिजिटर व्हिसावर आलेले आईबाबा किंवा सासूसासरे यांनाही घेऊन जा, प्रेक्षक म्हणून बसायला सिटिझन असायची गरज नाही. कोर्टात असेल तर फोन आणि कॅमेऱ्याचा नियम आधी बघा, काही कोर्टात फोन आत नेऊच देत नाहीत आणि मग फोटोसाठी आलेले सगळे हिरमुसतात.

त्या दिवशी वेळेच्या आधी पोचा, कारण सिक्युरिटी आणि चेकइनलाच बराच वेळ जातो. रांगेत नोटीस तपासतात, मागचे प्रश्न बघतात, ग्रीन कार्ड घेतात, बसायची जागा देतात. एक लिफाफा मिळतो, त्यात छोटा झेंडा, शपथेचा मजकूर, राज्यघटनेचं खिशात मावणारं पुस्तक असं काय काय असतं. पाहुण्यांना वेगळीकडे बसवतात तेव्हा लहान मुलं कुणाजवळ बसणार हे ठरवून ठेवा. मग राष्ट्रगीत, भाषण, बऱ्याच ठिकाणी देशांची नावं पुकारतात आणि आपल्या देशाचं नाव आलं की उभं राहायचं. इंडिया म्हटल्यावर उभे राहिलात की आजूबाजूला आणखी किती जण उठले ते जरूर बघा, तेलुगू, गुजराती, पंजाबी, आपले मराठी, सगळे त्या एका शब्दावर उठतात. त्यानंतर शपथ, मग प्लेज ऑफ अलीजियन्स, बहुतेक वेळा राष्ट्राध्यक्षांचा व्हिडिओ, आणि शेवटी सर्टिफिकेट.

शपथेबद्दल मला थोडं मनापासून सांगायचंय. ती घरी आदल्या दिवशी नीट वाचा, मोठ्याने वाचा, घरातल्यांना वाचून दाखवा. सुरुवातच अशी आहे की आजवर मी ज्या कुठल्या परक्या राजाचा, राज्याचा, सार्वभौम सत्तेचा नागरिक किंवा प्रजा होतो त्याच्यावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडतो. पुढे राज्यघटनेचं आणि कायद्यांचं देशातल्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करीन, कायद्याने सांगितलं तर शस्त्र हातात घेईन, सैन्यात लढण्याव्यतिरिक्तचं काम करीन, देशासाठी महत्त्वाचं नागरी काम करीन, आणि हे सगळं मनात काही राखून न ठेवता, स्वेच्छेने. पहिलं वाक्य म्हणताना बऱ्याच जणांचा आवाज अडतो, ते साहजिक आहे. जिथे जन्मलो, जिथे आईवडील आहेत त्या देशाबद्दलचं प्रेम सोडा असं तिथे कुणी म्हणत नाही, नागरिक म्हणून असलेली निष्ठा सोडायची आहे. पण ती खरोखर सोडायची आहे, नुसतं बोलायचं वाक्य नाही. हे ज्याला पटत नाही त्याने ग्रीन कार्डवर राहावं, त्यात कमीपणा काहीच नाही, कित्येक जण आयुष्यभर तसे राहतात. मला मात्र वाटतं की विचार करून, समजून हात वर करणं आणि बाकीचे करतात म्हणून करणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. धर्मामुळे किंवा तशाच खोल श्रद्धेमुळे शस्त्र उचलायचं मान्य नसेल तर तो भाग वगळून शपथ घेता येते, शेवटचा देवाचा उल्लेखही वगळता येतो, पण हे इंटरव्ह्यूच्या वेळीच सांगून ठेवायचं असतं.

आणि हा हक्क आपल्या लोकांना सहज मिळालेला नाही हे मुलांना जरूर सांगा. १७९० च्या पहिल्या कायद्यात नागरिक होण्याचा हक्क फक्त मुक्त गोऱ्या माणसांना होता. भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि त्या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांची नागरिकता काढून घेतली. थिंद यांना ती शेवटी १९३६ मध्ये मिळाली, तीही माजी सैनिकांसाठी झालेल्या कायद्यामुळे. बाकी भारतीयांना हा दरवाजा १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने उघडला, वर्षाला १०० भारतीयांना येता येईल एवढा कोटा आणि नागरिक व्हायचा हक्क. दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आले, तिथे पोचलेले पहिले भारतीय वंशाचे. आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, १९८८ मध्ये सिटिझन झाले आणि २०२३ पासून मिशिगनमधून काँग्रेसमध्ये आहेत. तुम्ही ज्या हॉलमध्ये बसता त्याच्या मागे एवढं सगळं आहे.

सर्टिफिकेट हातात आलं की फोटो काढायच्या आधी वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, उंची, कुठल्या देशाचे होतात ते, शपथेची तारीख, फोटो तुमचाच आहे ना, सगळं. चूक असेल तर खुर्ची सोडायच्या आत तिथल्या ऑफिसरला दाखवा, तिथल्या तिथे काम होऊ शकतं, एकदा बाहेर पडलात की सर्टिफिकेट बदलून घ्यायचा एन-५६५ फॉर्म भरा आणि वाट बघा. महिना आधी आणि तारीख नंतर लिहायची इथली पद्धत आहे हे लक्षात ठेवून जन्मतारीख वाचा, आपली माणसं तिथे नेहमी गोंधळतात. सही सर्टिफिकेटवर जसं नाव आहे तशीच करा. लॅमिनेट अजिबात करायचं नाही. त्यावर कॉपी करू नका अशा अर्थाचं छापलेलं असतं ते बघून लोक घाबरतात, पण ते बेकायदा वापरासाठी आहे, पासपोर्ट, ओसीआय अशा कायदेशीर कामाला कॉपी लागतेच आणि ती करता येते. घरी आल्याबरोबर चांगल्या कॉपी काढा, स्कॅन करून ठेवा. फेसबुकवर टाकायचा फोटो झेंडा घेऊन काढलेला टाका, सर्टिफिकेटचा नको, त्यावर ए नंबर (तुमचा इमिग्रेशनचा नंबर), सर्टिफिकेट नंबर, जन्मतारीख सगळं असतं.

आता सगळ्यात जास्त अडचण होते ती इथे. शपथ घेऊन बाहेर पडता त्या क्षणी तुमच्याकडे प्रवासाचा एकही कागद नसतो. ग्रीन कार्ड परत दिलेलं, अमेरिकन पासपोर्ट अजून नाही, आणि भारतीय पासपोर्ट खिशात असला तरी तो आता तुमचा नाही. भारताच्या १९५५ च्या सिटिझनशिप अ‍ॅक्टच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाची नागरिकता स्वेच्छेने घेतली की भारताची आपोआप संपते, वेगळा अर्ज करायची वाट बघत नाही. त्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का नाही, मुदत बाकी आहे म्हणून त्यावर प्रवास करणं हा भारतात गुन्हा आहे. म्हणून शपथेच्या आसपास कुठलाही परदेश प्रवास ठरवू नका. भारतात कुणी आजारी असेल, कधीही निघावं लागेल अशी परिस्थिती असेल तर शपथेची तारीख घेतानाच याचा विचार करा.

पासपोर्टचा अर्ज शक्य असेल तर त्याच आठवड्यात करा. पहिला पासपोर्ट म्हणून डीएस-११ हा फॉर्म, आणि तो स्वतः जाऊन द्यायचा, पोस्ट ऑफिस, काउंटी क्लर्क, काही लायब्रऱ्या इथे घेतात, अपॉइंटमेंट शपथेच्या आधीच बघून ठेवली तर उत्तम, फक्त तारीख शपथेनंतरची घ्या. मोठ्यांच्या पासपोर्ट बुकला १३० डॉलर आणि अर्ज घेणाऱ्या ऑफिसचे ३५, घाई असेल तर आणखी ६० भरून लवकर करता येतो. अगदीच तातडीचं असेल, १४ दिवसांच्या आत परदेशी जायचं असेल, तर पासपोर्ट एजन्सीत अपॉइंटमेंट घेऊन काम होतं. अर्जाबरोबर ओरिजिनल सर्टिफिकेट आणि त्याची कॉपी द्यावी लागते आणि ओरिजिनल नंतर पोस्टाने वेगळं परत येतं, पासपोर्टबरोबरच येईल असं नाही, तेव्हा पासपोर्ट आला आणि सर्टिफिकेट नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

याचा अर्थ काही आठवडे ओरिजिनल सर्टिफिकेट तुमच्याकडे नसतं, आणि नेमकं सोशल सिक्युरिटीलाही सिटिझन झाल्याचं कळवायचं असतं. एन-४०० भरताना त्यासाठीची परवानगी दिली असेल तर ते आपोआप होतं, नसेल दिली तर शपथेनंतर किमान दहा दिवस थांबून जायचं, आणि तिथे सर्टिफिकेटऐवजी अमेरिकन पासपोर्टही चालतो. म्हणून माझा सल्ला, आधी पासपोर्ट, मग तो घेऊन सोशल सिक्युरिटी.

भारताच्या बाजूची कामं. अमेरिकन पासपोर्ट आला की भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, अमेरिकेत हे काम व्हीएफएस या खाजगी कंपनीमार्फत होतं. सरेंडर सर्टिफिकेट मिळालं की ओसीआय, कारण त्या अर्जाला ते मागतात. द्यायच्या आधी जुन्या पासपोर्टच्या सगळ्या पानांचे स्कॅन काढून ठेवा. ओसीआयची सरकारी फी अमेरिकेत २७५ डॉलर आणि वर व्हीएफएसचा खर्च. अर्जात फोटो आणि सहीच्या साइजवरून अर्ज परत येतात, ते सूचनेत सांगितलंय तसंच करा. ओसीआय हातात यायच्या आत भारतात जावं लागलं तर अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा काढूनच जायचं. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नाही हे घरच्यांनाही समजावून सांगा. भारतात कितीही वेळा जाता येतं, राहता येतं, घर घेता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन, फार्महाउस विकत घेता येत नाही, तशी ती एनआरआय असतानाही घेता येत नव्हतीच. वारसाने येणाऱ्या शेतीचा नियम वेगळा आहे, गावाकडे जमीन असेल तर तिथल्या माहितगार वकिलाशी एकदा बोलून घ्या. गावच्या मतदार यादीत नाव असेल तर फॉर्म ७ भरून काढून घ्या, आणि बँकेत नवी नागरिकता कळवून केवायसी अपडेट करा.

मुलांचं लोक हमखास मागे टाकतात. चाइल्ड सिटिझनशिप अ‍ॅक्टने जी मुलं तुमच्याबरोबर आपोआप सिटिझन झाली, त्यांना शपथ नाही, नोटीस नाही, कुणी पत्र पाठवून कळवतही नाही. त्यांचा पासपोर्ट काढायला तुमचं सर्टिफिकेट, मुलाचं ग्रीन कार्ड आणि जन्मदाखला लागतो. एन-६०० भरून मुलाच्या नावाचं वेगळं सर्टिफिकेट मिळतं, सक्तीचं नाही, फीही बरीच आहे, पण तो पुरावा कायमचा राहतो म्हणून परवडत असेल तर काढावं असं मला वाटतं. आणि तेही आता भारताचे नागरिक राहिलेले नसतात, म्हणजे त्यांचाही भारतीय पासपोर्ट सरेंडर, त्यांचंही ओसीआय. सुट्टीत आजोळी जायची तिकिटं त्यानंतरच काढा.

मतदार नोंदणी मात्र लगेच करा. कधी कधी सेरेमनीच्या जागीच निवडणूक ऑफिसची माणसं फॉर्म घेऊन आलेली असतात, नसतील तर राज्याच्या वेबसाइटवर किंवा पोस्टाने करता येतं. प्रत्येक राज्याची शेवटची तारीख वेगळी, काही ठिकाणी निवडणुकीच्या ३० दिवस आधीच दार बंद होतं, तेव्हा तुमच्या काउंटीची पुढची निवडणूक कधी आहे ते बघा आणि ती स्कूल बोर्डाची असली तरी सोडू नका, मुलांच्या शाळेचे निर्णय तिथेच होतात. नाव सर्टिफिकेटप्रमाणे भरा, आणि काही आठवड्यांत नोंदणीचं कार्ड किंवा पत्र आलं नाही तर काउंटीच्या निवडणूक ऑफिसला फोन करून नाव यादीत चढलंय का ते विचारा.